‘इक्रा’ उलटे छापले तेव्हा

आमच्या खाडीकाठच्या वाडीतल्या मशिदीचा जीर्णोद्धार पुरा झाला, तेव्हा जमातीने एक स्मरणिका काढायचे ठरवले. बत्तीस पृष्ठे, तीनशे प्रती. लिहिण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले, कारण मालवण तालुक्यातल्या आमच्या गोतावळ्यात ‘मराठीत लिहिणारा’ म्हणून मीच बदनाम आहे. मशिदीचा जांभा कुठल्या खाणीतून आला, गलबतांवर कोण कोण होते, मुंबईच्या गोदीतून कोणी किती वर्गणी पाठवली, हे सगळे म्हाताऱ्यांना विचारून लिहिले. तिसऱ्या पृष्ठावर मोठ्या अरबी अक्षरांत एकच शब्द ठेवला: ‘इक्रा’, म्हणजे वाच. खाली त्या आयतीचा मराठी अर्थ. अवतरणाचा हा पहिला शब्द स्मरणिकेच्या सुरुवातीला शोभेल, असे वाटले.

छापून गठ्ठे आले. पहिली प्रत मी मामूंच्या हातात दिली. आमच्या पिढीला कुराण वाचायला त्यांनीच शिकवले. त्यांनी चष्मा लावला, तिसरे पान उघडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ह्या काय लिवलंस रे?”

मी पाहिले आणि घसा कोरडा पडला. शब्द उलटा छापला होता. अलिफ, काफ, रे, अलिफ असा उजवीकडून डावीकडे जाणारा शब्द. काफ आणि रे एकमेकांना जोडलेले हवेत. इथे तीच अक्षरे डावीकडून उजवीकडे, सुटी सुटी उभी होती. घात असा, की या शब्दाच्या दोन्ही टोकांना अलिफच आहे. शब्द उलटा केला तरी सुरुवातीला अलिफ, शेवटी अलिफ. छापखान्याने प्रुफ व्हॉट्सअपवर पाठवले होते. मी रात्री मोबाइलवर ते वरवर पाहिले, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा दिसल्या आणि ‘ठीक आहे’ असे कळवून मोकळा झालो.

छापखान्यातल्या ऑपरेटरला फोन केला. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, “माका ता वाचूक खय येता? तुमी दिलात तसा छापलंय.”

त्याचे काहीच चुकले नव्हते. तिथे देवनागरी आणि अरबी अशा दोन्ही लिप्या वाचणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. चूक माझीच. पण नेमकी कोणती चूक, हे समजून घ्यायला बसलो आणि छपाईच्या इतिहासात चारशे वर्षे मागे गेलो. तो प्रवास इथे लिहितो आहे, कारण आपल्या जमातींच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, कब्रस्तानातल्या पाट्या, मदरशांची पावतीपुस्तके यांत हीच चूक मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

सुरुवात आमच्या शेजारूनच होते. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. जेझुइट पाद्री टॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण छापलेली लिपी रोमन. कारण साधे होते. नागरीचे खिळे नव्हते. रोमनला चोवीस अक्षरांचे साचे पुरत. नागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास साचे लागतील, ही अडचण स्टीफन्सने १६०८ च्या एका पत्रात मांडली होती. म्हणजे मराठीतले हे आद्य छापील काव्य मराठी लिपीत छापताच आले नाही. मजकूर तयार होता, कवी तयार होता, छापखाना तयार होता. लिपी तेवढी यंत्रात बसत नव्हती.

धातूचा खिळा ही मूळ युरोपातली कल्पना. तिथल्या लिपीत प्रत्येक अक्षर सुटे, एका ओळीत, एकाच दिशेने उभे राहते. आपल्या दोन्ही लिप्यांचा स्वभाव वेगळा. नागरीत ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ म्हणतो, पण लिहिताना वेलांटी आधी येते. रफार उच्चारात आधी आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अरबीत तर एकाच अक्षराची चार रूपे: सुटे, सुरुवातीचे, मधले, शेवटचे. शेजारी कोण आहे, त्यावर अक्षराचे रूप ठरते. अशा लिपीचे खिळे पाडायचे तर कारागिराला ती लिपी आतून माहीत हवी.

ती माहीत नसली तर काय होते, याचे उदाहरण व्हेनिसमध्ये घडले. १५३७–३८ च्या सुमारास तिथल्या पागानीनी पितापुत्रांनी अरबी खिळ्यांत संपूर्ण कुराण छापले. छापील कुराणाची ही पहिली प्रत. त्यात अक्षरांची गल्लत होती. नुक्त्यांनीच ओळखू येणारी काही अक्षरे वेगळी राहिली नव्हती. मुसलमान वाचकांच्या हातात देण्यासारखे ते पुस्तक नव्हतेच. पुढे कित्येक शतके सगळ्या प्रती जाळल्या गेल्या, असेच समजले जाई. १९८७ साली व्हेनिसच्याच एका मठाच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत सापडली. मुसलमान समाजांनी छपाई उशिरा स्वीकारली, याचा ठपका बऱ्याचदा फक्त मुल्लांवर ठेवला जातो. त्यांचा वाटा होताही. पण ज्या यंत्रातून पाक शब्द असा मोडून बाहेर येतो, त्या यंत्राबद्दल मनात शंका येणे हा काही निव्वळ अडाणीपणा नव्हता. माझ्या मामूंचा चेहरा पाहिल्यावर हे मला जास्त कळले.

मराठीतही पहिले प्रयत्न खिळे टाळूनच झाले. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्‌गीता कोरून घ्यायचे काम सुरू झाले. नाना वारल्यावर तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली मिरजेत ती गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईवरच्या आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात या सगळ्याची नोंद केली आहे. पत्र्यावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा ते कागदावर सुलटे उमटते. पण एकदा पूर्ण ओळ कोरली, की ती ओळ म्हणजे एक चित्र झाले. वेलांटी जागची हलत नाही, रफार घसरत नाही.

हीच गोष्ट दगडाने स्वस्त आणि सोपी केली. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने शिळाछापाची युक्ती शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचे. दगड पाण्याने ओला करायचा. वरून शाईचा रूळ फिरवला, की तेल तेलाला धरते आणि ओला भाग शाई घेत नाही. त्यावर कागद दाबला की झाले. आमचा जांभा यासाठी चालला नसता. तो सच्छिद्र, दगड बारीक कणांचा आणि सपाट लागतो. मुंबईत १८२० च्या दशकात शिळाप्रेस आले. गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या गृहस्थाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहत पाहत कसब मिळवले, स्वतः यंत्र उभे केले, शाई बनवली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पुस्तकाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. म्हणजे पवित्र मजकूर आणि छपाईचे यंत्र यांच्यातला अवघडलेपणा फक्त आपल्याच घरात नव्हता.

शिळाछाप मुसलमानांना आवडला, याचे कारण आता उघड आहे. त्यात खिळा नाही, हात आहे. मुंबईच्या शिळाप्रेसांतून फारसी, अरबी, उर्दू पुस्तके आणि कुराणाच्या प्रती निघाल्या, जहाजांतून दूरदूरच्या बंदरांवर गेल्या. या कामातल्या दोन माणसांची ओळख करून देण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

पहिला कातिब. त्याला पिवळसर लेप दिलेला खास कागद आणि तेलकट शाई मिळे. त्यावर तो नेहमीसारखे, सुलटे, बोरूने लिही. पानाचा आकार, ओळींची संख्या, समास, हाशियातली टीप, सगळे त्याच्या हातून ठरे. तो कागद दगडावर पालथा घालून दाबला, की अक्षरे दगडावर उलटी उतरत आणि छापताना पुन्हा सुलटी होत. आजच्या भाषेत सांगायचे तर कातिबाचे ते पान म्हणजे ‘फायनल आर्टवर्क’. त्यानंतर यंत्र चालवणाऱ्याला लिपी येवो न येवो, अक्षर मोडणार नाही.

दुसरा संगसाज. दगडावर उतरताना एखादा नुक्ता पुसला गेला, एखादी चूक उशिरा सापडली, तर ती तिथेच दगडावर दुरुस्त करावी लागे. दगडावर सगळे उलटे. म्हणून संगसाज उलटे लिहायला शिकलेला असे. नस्तालीकचा डौल राखून, आरशातल्यासारखे. माझ्या स्मरणिकेत जे ‘इक्रा’ अजाणतेपणी उलटे झाले, ते दीडशे वर्षांपूर्वी एखादा संगसाज जाणूनबुजून, एकाग्र होऊन उलटे लिहीत असे, कागदावर ते सुलटे उमटावे म्हणून. कातिबाचे नाव निदान काही पुस्तकांच्या शेवटी सापडते. संगसाजाचे क्वचितच.

मराठीने मात्र पुढे दगड सोडला. अमेरिकन मिशनने १८१७ पासूनच नागरी खिळ्यांवर मराठी छपाई सुरू केली होती. त्याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचे खिळे इतके देखणे होते, की नागरी छपाईचा तोच नमुना ठरला. मराठीची सहाशे साच्यांची अडचण कारागिरांनी सोडवली आणि जुळाऱ्यांनी ती रोज उचलली. कोणता खिळा कोणत्या खणात, वेलांटी कधी आधी बसवायची, हे जुळाऱ्याच्या बोटांत होते.

उर्दू विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कातिबाच्याच हातात राहिली. दैनिकेसुद्धा रोज हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. मद्रासचे १९२७ साली निघालेले ‘मुसलमान’ हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. १९८१ मध्ये पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी अठरा-वीस हजार जोडरूपे लिहून काढून ‘नूरी नस्तालीक’ तयार केले आणि लाहोरचे ‘जंग’ संगणकावर जुळवले जाऊ लागले. सहाशे साच्यांपुढे स्टीफन्स थबकला होता. इथे एका माणसाने त्याच्या तीसपट आकृत्या लिहिल्या. यंत्राला लिपी शिकवायची तर आधी कोणीतरी असा हात झिजवावा लागतो.

आता माझ्या चुकीकडे येतो.

संगणकाच्या पहिल्या काळात मराठीसाठी जे फॉन्ट आले, पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये चालणारे, ते खरे तर खिळेच होते. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी आकृत्या बसवलेल्या. ऑपरेटर वेलांटी आधी टाकतो, मग अक्षर, जुन्या जुळाऱ्यासारखेच. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतले छापखाने ते अजून सोडत नाहीत. त्यातले पान छापून बरोबर येते. युनिकोड वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यात मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: आधी ‘क’, मग वेलांटी, आधी अलिफ, मग काफ, मग रे. वेलांटी आधी दाखवणे, अरबी उजवीकडून मांडणे, अक्षरे जोडणे, हे काम दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे. ज्या प्रोग्रॅमला ते येत नाही, तो साठवलेल्या क्रमाने सुटी अक्षरे डावीकडून मांडून टाकतो.

मी युनिकोडमधली वर्डची फाइल पाठवली. ऑपरेटरने मजकूर उचलून जुन्या प्रोग्रॅममध्ये टाकला. तिथे मराठीही मोडली होती. ‘मशिदी’तली वेलांटी ‘श’च्या आधी यायची ती नंतर येऊन ‘द’ला चिकटली, ‘जीर्णोद्धार’चा रफार पायमोडका झाला. पण मराठी त्याला वाचता येत होती, म्हणून त्याने सगळा मजकूर आपल्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला. अरबी त्याला वाचता येत नव्हती, म्हणून ती जशी मोडली तशीच राहिली. कातिबाने दगडाकडे ‘चित्र’ पाठवले असते. मी ‘अक्षरे’ पाठवली. इतकाच फरक.

छापायची फाइल तयार करणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. मजकूर अशा रूपात गोठवायचा, की ज्याला ती लिपी येत नाही त्याच्या हातूनही तो मोडू नये. त्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, अरबी शब्दाचे रूपांतर आकृतीत करायचे. छापखान्यात त्याला ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. मग ते अक्षर उरत नाही, नुसती रेघ उरते, आणि फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मात्र नंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची. दुसरा रस्ता, सगळे फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ पाठवायची. पीडीएफ १९९३ साली आली ती याच गरजेतून: एका यंत्रावर दिसते तसेच दुसऱ्या यंत्रावर दिसावे. खास छपाईसाठी तिचा पीडीएफ-एक्स हा प्रकार आहे. इनडिझाइनसारख्या प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्याने ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे ना, हेही पाहावे. नाहीतर तिथेही नागरी आणि अरबी दोन्ही विस्कटतात.

बाकीचे धडे त्याच छापखान्यात दुसऱ्या खेपेला शिकलो. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, लाल-हिरवा-निळा. कागदावरचा शाईचा, निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा. मुखपृष्ठावरच्या मिनाराचा हिरवा लॅपटॉपवर झळकत होता. शाईत तो तसा येतच नाही, म्हणून रंग आधीच छपाईच्या चार रंगांत बदलून पाहायचा. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा. चार शाया एकावर एक आल्या आणि पावसाळी हवेने कागद जरा ताणला, की बारीक अक्षराला सावली धरते, आणि आमच्याकडे चार महिने हवा पावसाळीच. रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर कापणीसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त. १४८ बाय २१० चे पान असेल, तर फाइल १५४ बाय २१६ ची. फोटोला इंचाला तीनशे ठिपके लागतात. बाराशे ठिपके रुंदीचा फोटो चार इंचांपर्यंतच नीट छापतो. व्हॉट्सअपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होऊनच पोचतो, तेव्हा जुने फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यावेत. आणि प्रुफ कागदावर छापून मागावे. मोबाइलवर नाही.

ऑपरेटर हे सगळे समजावत होता तेव्हा मागे ऑफसेट यंत्र चालू होते. प्लेटवर आधी पाणी, मग शाई. सेनेफेल्डरच्या दगडाचेच ते पातळ पत्र्याचे रूप. तेल तेलाला धरते, पाणी शाईला दूर ठेवते. दोनशे वर्षांत तत्त्व बदललेले नाही. बदलले ते एवढेच, की मधला कातिब आणि संगसाज गेले, आणि त्यांचे काम कोणाकडे आले हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

कुराण छापणारे मात्र हे विसरलेले नाहीत. मदिनेच्या किंग फहद मुद्रणालयातून निघणारा जगभरचा मुसहफ उस्मान ताहा यांच्या हातचा आहे, ६०४ पानांचा. संगणकासाठी त्याचे फॉन्ट केले तेव्हाही प्रत्येक पानाचा वेगळा फॉन्ट केला आणि त्यात एकेक अक्षर न ठेवता एकेक शब्द ठेवला, जोडणी मोडायची भीतीच नको म्हणून. ही तर कातिबाची रीत, संगणकात उतरवलेली.

राहिल्या त्या तीनशे प्रती. शब्द मोडलेला असला तरी ज्या भावनेने लिहिला ती पाहा, असे इमामसाहेब म्हणाले. ते पान रद्दीत जाऊ नये. नुसते ते पान फाडावे, तर पिन मारलेल्या बत्तीस पृष्ठांच्या पुस्तिकेत तिसऱ्या-चौथ्या पृष्ठाचा जोडीदार एकोणतिसावे-तिसावे. तिथे वर्गणीदारांची नावे होती. एक ओढले की दुसरे निसटते. शेवटी सगळे पुन्हा छापले, पैसे मी दिले. एका संध्याकाळी घरातल्या बायकामुलांसह ओटीवर बसून तीनशे पुस्तिकांच्या पिना काढल्या, तेवढे कागद वेगळे केले, पांढऱ्या कपड्यात बांधले आणि कब्रस्तानाच्या कोपऱ्यात, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरले. खड्डा मामूंनी दाखवला. त्या कागदांबरोबर मशिदीला पैसे देणाऱ्यांची नावेही गेली. त्यातले निम्मे लोक आधीच तिथे झोपलेले होते.

दुसऱ्या छपाईचे प्रुफ आले ते कागदावर. मी तपासले, मग मामूंकडे दिले. त्यांना मराठी अडखळतच वाचता येते. ते फक्त तिसरे पान पाहत होते. काफ आणि रे यांच्या जोडावर त्यांनी नख फिरवले आणि पान मिटले.

आपल्यासारख्या मराठी मुसलमानांच्या घरात दोन लिप्या असतात. छापखान्यात एकच वाचणारा असतो, मदरशात बऱ्याचदा दुसरी वाचणारा. दोन्हींच्या मधे उभे राहायची पाळी आपल्यावर येते. याला कोणी ओझे म्हणेल. मला आता ते कातिबाचे आणि संगसाजाचे राहिलेले काम वाटते. तेव्हा पुढच्या वेळी पत्रिका किंवा स्मरणिका छापायला द्याल, तेव्हा अरबी शब्द गोठवून द्या, कागदावरचे प्रुफ मागा, आणि घरातल्या त्या म्हाताऱ्या माणसाला ते एकदा दाखवा, जो चष्मा लावून बराच वेळ काही बोलत नाही.